पंधरा कोटी वर्षांचे नाना

साताऱ्यात नानांइतका भाविक माणूस शोधून सापडायचा नाही, असं नानांना वरवर ओळखणारे छातीठोकपणे सांगतात. कुणाच्याही घरी गेले की नाना चपला काढतात, पाय धुतात आणि पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आत देवघरासमोर जाऊन बसतात. मान खाली, एक डोळा मिटलेला, ओठ पुटपुटताहेत. घरातल्या बायांना गहिवरून येतं. "काय तंद्री लागलीय बघा," असं म्हणत एखादी सासू सुनेला कोपरखळी मारते.

तंद्री लागलेली असते हे खरं. पण मान खाली असते ती गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधलेलं दहापट भिंग डोळ्याला लावलेलं असतं म्हणून, आणि ओठ हलतात ते कंगोरे मोजताना. ताम्हनात तुळशीचं पान डोक्यावर घेऊन बसलेला जो काळा गुळगुळीत शाळिग्राम असतो, त्याला घरचे विष्णू म्हणतात आणि नाना अमोनाइट म्हणतात. दोघांचीही निष्ठा सारखीच. फरक एवढाच, की घरचे हात जोडतात आणि नाना खिशातून शिंप्याची टेप काढतात.

अमोनाइट हा माखली, माकूल आणि ऑक्टोपस यांच्या भाऊबंदांतला समुद्री प्राणी. पाठीवर वेटोळं शंखाचं घर, घरात पडदे घालून केलेल्या हवेच्या खोल्या, आणि सगळ्यात बाहेरच्या मोठ्या खोलीत मालक स्वतः, हात बाहेर काढून बसलेला. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी हे घराणं उदयाला आलं आणि सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, डायनासोर गेले त्याच सुमाराला निर्वंश झालं. एवढी माहिती नाना पाय पुसता पुसता देतात. उरलेली जेवताना.

नानांची हयात पाटबंधारे खात्यात गेली. धरण बांधायचं ठरलं की आधी पायाचा खडक तपासतात, त्यासाठी ड्रिल मारून खडकाच्या लांबलचक कांड्या बाहेर काढतात आणि लाकडी पेट्यांत ओळीने मांडून ठेवतात. त्या कांड्या वाचणं हे नानांचं काम. विहीर खणणारा जसा वरचा मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच एखादा लाल गेरूचा पट्टा असं हाताने ओळखतो, तसं नाना ओळखायचे आणि वहीत लिहायचे. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना कुठल्यातरी प्रशिक्षणात एक अमोनाइट हातात मिळाला. तेव्हापासून हा माणूस संसाराला फक्त पगारापुरता उरला, असं काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, म्हणतात.

आता शोकांतिका अशी, की ज्याला समुद्रातल्या प्राण्यांचं वेड लागलं तो माणूस जन्मला साताऱ्यात. सातारा काय, सांगली काय, पायाखाली सगळा लाव्हा. अजिंक्यतारा लाव्ह्याचा, यवतेश्वर लाव्ह्याचं, कासच्या फुलांखालचा जांभा म्हणजे त्याच लाव्ह्याची झिजून झालेली माती. दक्खनचा हा लाव्हा साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला. म्हणजे ज्या सुमाराला जगातला शेवटचा अमोनाइट डोळे मिटत होता, त्या सुमाराला नानांची वडिलोपार्जित जमीन उकळत होती. उकळत्या दगडात कुठला शंख आणि कुठला शिंपला! नानांना हे साताऱ्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. तरीही विहिरीचं काम निघालं की नाना सायकलवर हजर. भूगर्भशास्त्राने दिलेलं उत्तर त्यांना मान्य आहे, फक्त पटलेलं नाही.

एक आशा त्यांनी बरीच वर्षं जपली होती. लाव्ह्याच्या खाली काय आहे? लाव्हा येण्याआधी इथे समुद्र असेल, त्याचा गाळ असेल, गाळात शंख असतील. तिकडे नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यातल्या बाघजवळ, लाव्ह्याखालच्या समुद्री खडकांत अमोनाइट मिळालेच आहेत की. मग कोयनेला खोल भोकं पाडायचं ठरलं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापासून कोयनेची जमीन कशी हलते हे शास्त्रज्ञांना आतून बघायचं होतं, कराडजवळ त्यासाठी केंद्रही निघालं. नाना घरातलं लग्न असल्यासारखे वाट बघत होते. ड्रिल सुमारे ९३० मीटर लाव्ह्यातून खाली गेलं आणि थेट ग्रॅनाइटला लागलं. मध्ये समुद्र नाही, गाळ नाही, काही नाही. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. काकूंना वाटलं, कुणीतरी गेलं. "कोण गेलं?" असं त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, "समुद्र."

तेव्हापासून नानांनी क्षेत्र बदललं. खडकात शंख नाहीत, पण देवघरात आहेत! नेपाळात मुक्तिनाथाच्या बाजूला काळी गंडकी ज्या काळ्या शेल खडकातून वाहते, त्यात चौदा ते सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले अमोनाइट गोळ्यांच्या आत बंद होऊन पडले आहेत. नदी ते गोळे सोडवते, घोळते, गुळगुळीत करते. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंनी ते कडोसरीला लावून इकडे आणले. माहुलीच्या घाटाजवळच्या वाड्यांत, वाईच्या आळ्यांत, सांगलीच्या गावभागात आणि मिरजेच्या ब्राह्मणपुरीत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे हा हिमालयातला समुद्र रोज पंचामृताने न्हातो. ज्या जिल्ह्यांत निसर्गाने एकही अमोनाइट ठेवला नाही, तिथे तो आज्यांनी ठेवला. जगात भूवैज्ञानिक पाठीला पिशवी लावून डोंगर धुंडाळतात. नाना लोकांच्या घरची सत्यनारायणाची आमंत्रणं धुंडाळतात.

पंचायतन पूजा असलेल्या घरी तर त्यांना चार हात होतात. नर्मदेतला बाण, शोण नदीतला तांबडा शोणभद्र, स्फटिक, सोनेरी झाक असलेला देवीचा खडा आणि गंडकीचा शाळिग्राम! "अहो, एका ताम्हनात एवढ्या नद्यांचे खडक," ते यजमानाला सांगतात, "सरकारी खात्यात एवढे नमुने गोळा करायला निविदा काढावी लागते."

खरा शाळिग्राम कसा ओळखायचा, हे नानांकडून शिकावं. हल्ली यंत्रावर चक्र कोरलेले दगडही मिळतात. नाना दगड तिरका धरतात, उजेड एका अंगाने येईल असा. कोरलेल्या चक्राच्या रेघा सगळ्या एकसारख्या, सुरू होतात तिथून संपतात तिथपर्यंत सरळ. खऱ्या कंगोऱ्याचं तसं नाही. तो आतल्या बाजूने एकटा निघतो आणि बाहेरच्या कडेला जाताना बऱ्याचदा दुभंगतो, एकाचे दोन होतात. काही कंगोरे मध्येच किंचित चुकलेले असतात, कारण ते करणारा प्राणी जिवंत होता, आणि जिवंत प्राण्याचा एखादा दिवस वाईट जातो. हे सांगताना नानांचा आवाज खाली येतो. एका सधन घरात मात्र तो खाली आला नाही. वास्तुशांतीच्या भर गर्दीत त्यांनी यजमानांच्या हजारो रुपयांच्या शाळिग्रामाला "सिमेंट" असं एकाच शब्दात निकालात काढलं. त्या घरचं आमंत्रण पुन्हा आलेलं नाही, आणि पुढच्या तीन घरांचंही नाही. साताऱ्यात बातमी चालत जात नाही.

लोकही नानांकडे दगड घेऊन येतात. शेतात विहिरीचं काम चालू असलं की कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे निघतात. बेसाल्ट झिजताना असाच सोलवटतो. आणणाऱ्याला मात्र ते डायनासोरचं अंडं असल्याची खात्री असते. एकाने तर अंडं पोत्यात घालून, रिक्षाला वेगळं भाडं देऊन आणलं. नानांनी ते हातात घेतलं, परत दिलं आणि म्हणाले, "उबवू नका." ज्यांच्याकडे पांढऱ्या चमकत्या स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांचं नाना थोडं तरी कौतुक करतात. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे पुढे झिओलाइटने भरले की तसं होतं. बाकीच्यांची निराशा ते इतक्या शांतपणे करतात, की माणूस आभार मानून जातो आणि पोवई नाक्यावर पोचल्यावर त्याला राग येतो.

नानांबरोबर राहायची मुख्य अडचण म्हणजे वेळ. त्यांचं घड्याळ कोटीत चालतं. शेजारचे आजोबा ९२ व्या वर्षी गेले. नाना भेटायला गेले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून कळवळून म्हणाले, "९२ म्हणजे काहीच नाही हो." मुलगा ओक्साबोक्शी रडला. त्याला वाटलं, बाबांनी अजून जगायला हवं होतं असं म्हणताहेत. नाना फक्त माहिती देत होते. एकदा दोन सख्ख्या भावांचा बांधाच्या दीड फुटावरून वाद होता, सरकारी खात्यातला अनुभवी माणूस म्हणून नानांना मध्यस्थीला नेलं. नानांनी दोघांचे उतारे पाहिले, बांधावर उकिडवे बसले, माती चोळून पाहिली आणि निकाल दिला, "ही जमीन पूर्वी वाहत होती. तेव्हा ती तुमच्यापैकी कुणाचीच नव्हती." ते ऐकताच दोघे भाऊ इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक झाले आणि त्यांनी मिळून नानांना रस्त्यापर्यंत पोचवलं. वाद मिटला तो मिटलाच. गावात अजून नानांचं नाव घेतात.

काकूंचा हिशेब वेगळा. "अहो, पंधरा कोटी वर्षं थांबलाय तो दगड, आणखी दहा मिनिटं थांबेल. आधी गॅसचा नंबर लावा." घरात काकूंचा कायदा असा, की नवा दगड उंबऱ्याच्या आत यायचा तर जुना एक बाहेर गेला पाहिजे. त्यामुळे नानांच्या अंगणात बदली होऊन आलेल्या दगडांची मोठी वसाहत आहे, आणि काकूंनी तिच्यावर पापड वाळत घालायची सोय केली आहे.

नानांच्या आनंदाचे दिवसही असतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ मध्ये दक्षिण भारतातल्या, पाँडिचेरी-त्रिचनापल्लीकडच्या जीवाश्मांचं वर्णन छापलं, तेव्हा अमोनाइटच्या जातींना ब्रह्मा, विष्णू, इंद्र अशी नावं ठेवली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फर्डिनांड स्टोलिच्का यांनी त्यात भीमाची भर घातली. हे स्टोलिच्का मूळचे मोरावियाचे, आणि १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये गेले. नाना त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, गवई घराण्याच्या उस्तादांचं घेताना लावतात तसा. "बघा," ते म्हणतात, "आपण दगडाला विष्णू म्हणतो ते अंधश्रद्धा, आणि लंडनमध्ये छापून म्हटलं की शास्त्र!"

पण त्यांचं खरं घबाड वेगळंच. लंडनचे एल. एफ. स्पाथ यांनी कच्छमधल्या जुरासिक अमोनाइटांवर १९२७ ते १९३३ या काळात भला थोरला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्पाथ यांनी ओळख करून दिलेल्या कच्छच्या अमोनाइटांत एका वंशाचं नाव आहे सिवाजीसेरास. नानांना हे कळलं त्या संध्याकाळी ते राजवाड्यासमोरच्या बाकावर, रोजच्या मंडळींत, धापा टाकत पोचले. बातमी सांगितल्यावर बाकावर शांतता पसरली. एक जण सावकाश उठून उभा राहिला आणि म्हणाला, "महाराजांचं नाव किड्याला?" साताऱ्यात हा प्रश्न साधा नव्हे. नानांनी कपाळ पुसलं. "किडा नव्हे हो. समुद्रातला शिकारी. अंगावर चिलखत. पाण्यात कुठे वर यायचं, कुठे खाली जायचं, ते स्वतः ठरवायचा. समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही." मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. "मग ठीक आहे," उभा राहिलेला म्हणाला आणि बसला. त्या दिवशी कंदी पेढे मंडळींनी आणले, पैसे नानांनी दिले.

आता नानांच्या दुखण्याकडे यायला हवं, कारण ते सुखाने कधीच नसतात. अमोनाइटचे शंख जगात लाखोंनी सापडले आहेत. आतला प्राणी? जवळजवळ नाहीच. मेल्यावर मऊ अंग काही दिवसांत सडतं, नाहीतर खाल्लं जातं. शंखाच्या खोल्यांत वायू असल्यामुळे शंख तरंगायला लागतो आणि देह त्यातून गळून पडतो. प्राणवायू नसलेल्या चिखलात चटकन गाडला गेला, तरच काही उरण्याची शक्यता. म्हणून दोनशे वर्षं अभ्यास होऊनही अमोनाइटचे हात नीट कुणाला दिसलेले नाहीत, किती होते इथपासून वाद. आठ म्हणावेत की दहा, या प्रश्नावर नाना रात्री उठून बसतात. काकू झोपेतच म्हणतात, "नऊ. झोपा आता."

अधूनमधून जगात काहीतरी सापडतं आणि नाना आठवडाभर हवेत असतात. २०११ मध्ये ग्रेनोबलच्या प्रचंड क्ष-किरण यंत्रात बॅक्युलाइटिस नावाच्या सरळ शंखाच्या अमोनाइटचा जबडा न फोडता पाहिला गेला. तोंडात दात होते, आणि दातांबरोबर शेवटचा घास: एक इवली गोगलगाय आणि झिंग्याच्या जातीच्या जीवाचे तुकडे. नानांनी ही हकिकत नेमकी लग्नाच्या पंगतीत सांगितली. "कोट्यवधी वर्षं झाली, घास अजून गिळलेला नाही!" समोरच्या पाहुण्यांच्या हातातली जिलबी तशीच राहिली. २०१९ मध्ये म्यानमारच्या दहा कोटी वर्षांच्या राळेत, म्हणजे झाडाच्या डिंकासारख्या स्रावात, समुद्रातला अमोनाइट सापडला, तेव्हा नानांनी चार दिवस डिंकाचे लाडू भिंगाखाली घेऊन खाल्ले. २०२१ मध्ये जर्मनीतल्या आइखश्टेटचा एक विलक्षण नमुना प्रसिद्ध झाला. नेहमी शंख उरतो आणि प्राणी जातो, इथे शंख गेलेला आणि प्राणी उरलेला. आतडी दिसतात, नर होता हेसुद्धा कळतं. फक्त हात नाहीत. नानांनी तो कागद घडी करून देवाजवळ ठेवला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरच्या एका अमोनाइटचे स्नायू, दगड न फोडता, आरपार छायाचित्रणाने दिसले. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कारण नानांचा तर्क असा: चिखलात पडलेल्या देहाचं मांस सडतं, त्या सडण्यानेच भोवतालची खनिजं आवळून येतात आणि टणक गोळा बनतो. म्हणजे शाळिग्राम हा त्या प्राण्याने मरता मरता स्वतःभोवती बांधलेला वाडा. मग न फुटलेल्या, अखंड शाळिग्रामाच्या आत मालकाचं काहीतरी असायला काय हरकत आहे? आणि अखंड शाळिग्राम कुठे आहेत? सांगलीला, गावभागात, काकूंच्या मावशीकडे. चार.

मावशी नव्वदीला टेकलेल्या, काठीसारख्या सरळ, आणि धर्मशास्त्र तोंडपाठ. नाना त्यांचे भाचेजावई, म्हणून त्या नानांना "जावईबापू" म्हणतात आणि एका शब्दाने जागेवर बसवतात. सातारा, कराड, पेठनाका, आष्टा असं करत एसटीने नाना वर्षातून अनेकदा सांगलीला येतात. सांगलीत आधी गणपतीचं दर्शन, मग मावशींचं. पिशवीत मावशींसाठी पेढे असतात, आणि परत जाताना मावशींनी दिलेलं भडंग. शाळिग्राम काही पिशवीत येत नाही.

पहिला डाव नानांनी अधिक महिन्यात टाकला. अधिकात जावई नारायणाच्या जागी. नाना पाटावर बसले, औक्षण झालं, आणि मावशींनी "काय हवं ते मागा" म्हटल्याबरोबर नारायणाने नारायण मागितला. मावशी हसल्या, तेहतीस अनारसे दिले आणि देव ठेवून घेतला.

दुसरा डाव गणिताचा. शास्त्र सांगतं, शाळिग्राम सम संख्येने पुजावेत, पण दोन नकोत. विषम पुजू नयेत, पण एक चालतो. नानांनी हे कुणाकडून तरी नीट समजून घेतलं आणि आकडेमोड करून आले. "मावशी, एक द्या म्हटलं तर तुमच्याकडे तीन उरतात, ते अशास्त्र. दोन मागितले तर दोन उरतात, तेही अशास्त्र. तेव्हा मला तीन द्या. एक उरेल, शास्त्राला धरून." नाना श्वास रोखून थांबले. मावशींनी जपमाळेचा मणी पुढे सरकवला. "आणि तुमच्याकडे तीन होतील, त्याचं काय?"

मग फोडण्याचा विषय. नानांना कळलं होतं की शाळिग्राम हा देव असा, की त्याला टाकीचे घाव सोसावे लागत नाहीत, प्राणप्रतिष्ठा लागत नाही, आणि तो भंगला तरी पूज्यच राहतो. नानांना वाटलं, शास्त्रानेच दार उघडून दिलं. "मावशी, फुटला तरी पूज्यच ना? मग मी तुमच्यासमोर, सोवळ्यात, एकच घाव..." मावशींनी वर पाहिलंसुद्धा नाही. "फुटलेला पूज्य, जावईबापू. फोडलेला नव्हे."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागात नावा फिरल्या. सांगलीकराचं घड्याळ कोटीत नाही, फुटात चालतं. किती वाजले यापेक्षा किती फूट झालं हे त्याला आधी कळतं. मावशी देवांचा डबा मांडीवर घेतल्याशिवाय नावेत बसेनात. साताऱ्याहून नानांचा फोन आला. फोन घेणाऱ्या नातवाला वाटलं, मावशींची चौकशी. नाना म्हणाले, "मावशी कशा आहेत? बरं. आणि चार जण? भिजले तर काळजी करू नका म्हणावं, ते पाण्यातलेच आहेत." मावशींना हा निरोप पोचला, आणि का कोण जाणे, तेव्हापासून त्या नानांवर खूश आहेत. घरातल्या बाकी कुणीही देवांची चौकशी केली नव्हती.

म्हणूनच शेवटी मिरजेची गोष्ट घडली. मिरज म्हणजे तंबोरे आणि दवाखाने. सांगली-मिरजेत माणूस आजारी पडायला घाबरत नाही, इतके डॉक्टर. मावशींच्या नातवाचा एक मित्र तिथे एका स्कॅन सेंटरवर कामाला. नानांनी ग्लॉस्टरशरचा दाखला दिला, न फोडता आतलं दिसतं असं शपथेवर सांगितलं. मावशींनी विचार करून अटी घातल्या. देव चांदीच्या वाटीतून जाईल, तुळस बरोबर असेल, यंत्राच्या खोलीत चपला नकोत, आणि मी स्वतः येणार. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर हा लवाजमा पोचला.

फॉर्म भरायला घेतला. संगणकाला नाव लागतं, त्याशिवाय यंत्र चालू होत नाही. मुलाने 'शाळिग्राम' टाकलं, आडनावाच्या रकान्यात पुन्हा 'शाळिग्राम'. लिंग पुरुष, याबद्दल मावशी आणि नाना दोघांनाही शंका नव्हती, कारणं वेगवेगळी. तक्रार: आत काय आहे ते पाहणे. वयापाशी अडलं. रकान्यात तीनच आकडे बसत होते. मुलगा नव्याण्णव टाकायला निघाला, तेव्हा नानांनी त्याचा हात धरला. आयुष्यभर ज्या 'मिलियन'चा त्यांनी तिरस्कार केला, तो त्या क्षणी धावून आला. "दीडशे लिही," ते म्हणाले. "एकक मला माहीत आहे."

देव आत गेले, यंत्र घुमलं, पडद्यावर करड्या रंगात चित्र उमटलं. वेटोळ्यात वेटोळं. आतल्या पडद्यांच्या बारीक रेघा एकामागून एक, प्रत्येक खोली मागच्या खोलीपेक्षा जरा मोठी. बाहेरच्या कडेने गेलेली नळी, जिच्यातून तो खोल्यांतलं पाणी काढायचा, तीसुद्धा दोन-तीन ठिकाणी दिसली. अगदी आतल्या बिंदूपाशी नानांनी बोट नेलं. तिथे तो जन्मला होता. मावशींनी हात जोडले. मुलानेही जोडले, कारण मावशी बघत होत्या.

नाना मात्र बाहेरच्या मोठ्या खोलीकडे बघत होते. तिथे नुसता चिखल भरून दगड झालेला. ना स्नायू, ना जबडा, ना एक हात.

"दिसलं ना, जावईबापू?"

"घर दिसलं, मावशी. मालक नाही."

"मालक वैकुंठात," मावशी म्हणाल्या. "इथे कशाला राहील तो? चला, पाच वाजता नैवेद्य आहे."

मुलाने गंमत म्हणून अहवालही छापून दिला. त्यात 'हाड मोडलेलं नाही' असं आहे, आणि तळाशी नेहमीचं वाक्य, की लक्षणांशी ताडून पाहावे. नानांनी तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला आहे. काकूंनी त्याबदल्यात अंगणातला एक धोंडा बाहेर पाठवला.

सध्या नाना समुद्रफेनाकडे वळले आहेत. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळणारा तो पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा म्हणजे माखलीच्या अंगातलं कवच, अमोनाइटच्या जिवंत नातेवाइकाचं. नखाने खरवडला की आत पातळ पातळ मजले दिसतात. नाना तो तासभर भिंगाखाली धरतात आणि मग शेजारच्या पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवून येतात. पोपट तो खातो. अभ्यासाचा असा उपयोग झालेला बघून काकूंना पहिल्यांदाच बरं वाटतं.

मिरजेच्या त्या दिवसानंतर तीन शाळिग्राम अजून तपासायचे राहिले आहेत आणि मावशींनी ठाम नकार दिलेला नाही. तेव्हा सातारा-सांगलीच्या वाचकांना विनंती. तुमच्या घरी शाळिग्राम असेल आणि भिंग गळ्यात अडकवलेला एखादा वयस्क गृहस्थ चपला काढून देवघरापुढे बसला, तर घाबरू नका. त्यांना पाणी द्या, कंगोरे मोजू द्या, हातोडी पिशवीत आहे का एवढं बघून घ्या. आणि पडून-झडून तुमचा शाळिग्राम आपला आपण फुटलेला असेल, तर माहुलीला नदीत सोडण्याआधी नानांना एकदा कळवा. शास्त्राप्रमाणे तो अजून पूज्य आहे.